दात्यांच्या दगडावरची सगुणा

भिवाकाका आमच्याकडे कधी रिकाम्या हाताने आले नाहीत, आणि त्यांच्या हातात माशांखेरीज दुसरं काही कधी नसे. उम्म अल कुवैनहून अबू धाबीत, आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीपर्यंत यायचं म्हणजे बस बदलत बदलत अर्धा दिवस मोडतो. बसमध्ये मासे चालत नाहीत. म्हणून थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात शेरी मासा, डब्याला चिकटपट्टीचे वेढे आणि वर मीनाबाजारातल्या कुठल्याशा दुकानाची चकचकीत पिशवी. ड्रायव्हरने हटकलं तर सांगायचं, सूनबाईला साडी घेतलीय. सूनबाई म्हणजे मी, अनुराधा. जन्म पुण्याचा, मासे साफ करताना आजही नाक मुरडते. पण काकांसमोर कधी मुरडलं नाही.

तसं बघितलं तर मी त्यांची सून वगैरे कुणी नव्हे. माझा नवरा हेमचंद्र इथे एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्याचे आजोबा कोकणात केतकीबंदरला गलबतं बांधायचे, आणि भिवा मेस्त हा त्यांच्या हाताखाली शिकलेला शेवटचा पोरगा. आजोबा गेले, बंदरातली गलबतं संपली, आणि भिवा मेस्त इकडे आला. तीसेक वर्षं तो उम्म अल कुवैनच्या खाडीवर, जमाल नावाच्या अरबाबाच्या यार्डात लाकडी बोटी दुरुस्त करत राहिला. अरबाब म्हणजे इथला मालक. हेमचंद्रच्या आजोबांचं नाव निघालं की काका आधी कानाच्या पाळीला हात लावायचे आणि मग बोलायचे. त्या नात्याने हेमचंद्र त्यांचा हेमू, मी सूनबाई आणि आमची ईश्वरी ही बाय. ईश्वरी त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची, ते तिला मराठीत प्रश्न विचारायचे, आणि दोघांचं छान जमायचं.

आता ज्यामुळे हे सगळं सांगत बसले आहे त्या सात खोल्यांबद्दल.

केतकीबंदरला गलबतकार मंडळींचा एक जुना न्यास आहे. पूर्वी तिथे नवं गलबत बांधायला घेतलं की मालकाने लागतील तितक्या फळ्यांचे पैसे द्यायचे आणि वर एका फळीचे जास्त. त्या फळीला 'वरची फळी' म्हणत. ती गलबताला लागायची नाही, तिचा पैसा मंडळींच्या पेटीत जायचा. पिढ्यान् पिढ्या साठलेल्या त्या पैशातून खाडीच्या काठावर सात खोल्या उभ्या राहिल्या. हात थकलेल्या, ज्याला बघायला कुणी नाही अशा सुतारासाठी एक खोली, दोन वेळचं जेवण आणि मेल्यावर लाकडं. आज गलबतं नाहीत, पण न्यास आहे, खोल्या आहेत आणि त्यांत म्हातारेही आहेत. वरच्या फळीऐवजी आता आखातातल्या गाववाल्यांच्या देणग्या येतात. त्या गोळा करण्याचं काम हेमचंद्रकडे. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर कंपनीच्या हुद्द्यापेक्षा 'विश्वस्त' हा शब्द मोठा आहे, यावर मी त्याला पुष्कळ चिडवलंय.

न्यासाचा एक नियम मात्र मला लग्न होऊन आले तेव्हापासून आवडायचा. ज्या घरचं नाव दात्यांच्या दगडावर कोरलं, त्या घरच्या माणसाला खोली नाही. त्यामागची हकीकत अशी, की फार पूर्वी कुणा एका शेठने सगळ्या खोल्यांना कौलं दिली, स्वतःचं नाव कोरून घेतलं आणि पुढच्याच वर्षी तीन खोल्यांत मिठाची पोती भरली. दिलेल्याचा हक्क म्हणे! त्या पावसाळ्यात तिथले म्हातारे धक्क्यावर ताडपत्री ओढून निजले. तेव्हापासून नियम झाला, की नाव हवं तर नाव घ्या, खोली हवी तर खोली घ्या. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव घालतात, तिथे हा नियम मला फार शहाणा वाटायचा. कधीकाळी तो भिवाकाकांच्या मुळावर येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

काकांची बायको सगुणा. मूलबाळ नाही. काका इकडे, ती तिकडे, हा संसार. ती त्या सात खोल्यांचा स्वयंपाक करायची. न्यासाने तिला नेमली होती असंही नाही, आधीची बाई सोडून गेली आणि ही दोन दिवसांसाठी म्हणून चुलीपुढे बसली ती उठलीच नाही. कुणाला दात नाहीत, कुणाला तिखट चालत नाही, कुणाला सोलकढीवाचून घास उतरत नाही. ती सगळ्यांचं वेगवेगळं करायची आणि वर सगळ्यांना शिव्या द्यायची. म्हातारे तिला सासूबाई म्हणत. काका सुट्टीवर गेले की त्या पंगतीत बसायचे आणि त्यांनाही शिव्या पडायच्या. हे सांगताना काकांचा चेहरा असा फुलायचा, जसं काही त्यांचा सत्कार झाला होता.

ती अचानक गेली. तापाचं निमित्त झालं. काकांचा पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या कामात अडकला होता. तो हातात येईपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं. ते गेलेच नाहीत मग. "आता जाऊन कुणाला बघू, सूनबाई?" एवढंच म्हणाले.

पुढे खोल्यांचं छप्पर गळायला लागलं तेव्हा काकांनी साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं न्यासाला दिलं. नाव नको म्हणाले. मंडळींनी आग्रह धरला, एवढं देणाऱ्याचं नाव नाही म्हणजे न्यासाला कमीपणा. तेव्हा काका म्हणाले, मग तिचं घाला. दगडावर कोरलं गेलं : 'सगुणा भिवा मेस्त'. कैलासवासी वगैरे काही नाही. ते काकांनीच नको म्हटलं होतं.

त्या वेळी नियम त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. पण गावाच्या लेखी ते दुबईवाले होते, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या लेखीही. इथे बारा माणसांच्या खोलीत वरच्या बंकवर झोपणारा माणूससुद्धा गावच्या न्यासापुढे उभा राहिला की देणारा होतो. आपण म्हातारे होणार हे आखातातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण परत जाऊन गावात म्हातारे होणार, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. मला तर अजूनही येत नाही.

यंदा जमाल अरबाब गेला. त्याच्या मुलांनी यार्ड फायबरच्या बोटींना द्यायचं ठरवलं. त्यांनी वाईट वागवलं नाही, सगळा हिशेब दिला, तिकीट दिलं, मोठ्या मुलाने तर मिठी मारली. पण व्हिसा संपत होता आणि या वयात नवा कोण देणार? काका नेहमीसारखे मासे घेऊन आले, जेवले, आणि हात पुसता पुसता म्हणाले, "हेमू, इकडचं खलास झालं. सात खोल्यांतली एक रिकामी आहे ना? मला दे."

"घर आहे ना काका तुमचं?" मी विचारलं.

"घर भावाच्या नावावर. भाऊ गेला. पुतण्या राहुलने तिथे होमस्टे काढलाय. फोन केला तर म्हणतो, काका, या ना, पण मे महिना सोडून या, सीझन असतो." काका हसले. मला हसता आलं नाही.

 हेमचंद्रचा चेहरा बघूनच मला सगळं लक्षात आलं. काकांच्याही आलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "दगडाचं म्हणतोस ना तू? ते मी विसरलो नाही. पण ते तिचं नाव आहे. माझं नाही."

"काका, रूल घरचं नाव असं म्हणतो." हेमचंद्रचा आवाज अगदी खाली गेला होता. "घर तुमचं एकच."

ते गेल्यावर मी हेमचंद्रवर जे तोंड सोडलंय! म्हटलं, ज्याने छप्पर दिलं त्यालाच त्या छपराखाली घ्यायचं नाही, हा कुठला धर्मादाय? तो म्हणाला, मी मीटिंग बोलावतो. मी म्हटलं, तू मीटिंगच बोलाव, दुसरं येतं काय तुला? हे जरा जास्तच झालं, पण राग कुणावर तरी काढायचा तर घरात तोच होता.

मीटिंग सुट्टीच्या दिवशी दुपारी, व्हिडिओवर. केतकीबंदरहून अध्यक्ष सदानंद गुरुजी आणि दोन विश्वस्त, इथून हेमचंद्र, आणि बर दुबईतून सुयश. सुयशचा इंटिरिअरचा मोठा धंदा आहे. त्याच्या वडिलांचं नाव दगडावर सगळ्यांत वर आणि सगळ्यांत मोठं. काका आमच्या सोफ्यावर, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे कडेला बसले होते. मी चहा देण्याच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होते.

गुरुजींनी विषय मांडला. भिवाबद्दल सगळ्यांनाच वाईट वाटत होतं, पण नियम न्यासाच्या घटनेतला होता. आणि तेवढ्यात सुयश बोलला. मला वाटलं, आता हा खोडा घालणार. पण तो म्हणाला, "गुरुजी, कमॉन, किती आउटडेटेड रूल आहे हा! भिवाकाकांना नाही म्हणायचं? शेम आहे ही. चेंज करा ना. मी फुल सपोर्ट करतो."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याला मनातल्या मनात आशीर्वाद देऊन टाकला. उगाच नावं ठेवत होतो याला, असंही वाटलं.

"एकदाच काय ते क्लिअर करून टाकू," सुयश पुढे म्हणाला. "डोनर फॅमिलीजना रूम घेता येईल असं साधं अमेंडमेंट. आमच्या पप्पांचंही केवढं काँट्रिब्यूशन आहे. खाडीकडच्या त्या दोन कोपऱ्यातल्या रूम्स मी रिनोव्हेट करून देतो, स्वतःच्या खर्चाने. आम्ही काय, वर्षातून दहा-पंधरा दिवस येणार. बाकी वेळ लॉक."

 त्या दोन खोल्यांत आज माणसं राहतात. हेमचंद्रने माझ्याकडे बघितलं. आशीर्वाद मी परत घेतला.

"फक्त भिवाकाकांपुरता अपवाद करता येणार नाही का?" हेमचंद्रने विचारलं.

"का बरं?" सुयश लगेच म्हणाला. "मग मीही अप्लाय करतो. एकाला एक, दुसऱ्याला दुसरं, हे ट्रस्टमध्ये चालत नाही, हबीबी. मी लॉयरला विचारलंय."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. त्यांचंही चुकत नव्हतं. दार काकांसाठी किलकिलं केलं तरी त्यातून मिठाची पोती आत शिरणारच होती. मला इतका संताप आला, आणि तो काढायला समोर साधा वाईट माणूससुद्धा सापडेना. सुयशही तसा वाईट नव्हे. त्याला समुद्र दिसणारी खोली हवी होती, एवढंच.

तेव्हा काका सोफ्यावरून उठले आणि हेमचंद्रच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. कॅमेऱ्यात आधी त्यांचा सदरा दिसला, मग ते वाकले.

"गुरुजी, नमस्कार. भिवा बोलतोय. नियम मोडू नका."

"अरे भिवा, तू आहेस होय तिथे?"

"आहे ना. नियम मोडलात तर दोन वर्षांत सातही खोल्यांना कुलपं लागतील. तिने ज्यांना जेवायला घातलं त्यांच्यानंतरची माणसं आहेत ती. त्यांना धक्क्यावर झोपवून मी आत झोपू?"

"मग तू काय करणार बाबा?"

 काकांनी खुर्चीची पाठ धरली. "गुप्तदान केलं त्याला खोली मिळते ना, गुरुजी? त्याचं नाव कुठे नसतं, म्हणून?"

"मिळते."

"मग दगडावरून नाव काढा. माझं दान गुप्त समजा."

मी चहाचा ट्रे तिथेच टेबलावर आदळला आणि मीटिंगमध्ये घुसले. म्हटलं, गुरुजी, असं करू नका. दगडावरचं काढून चुलीवरच्या भिंतीवर लावा, दारावर लावा, कुठे कोपऱ्यात तरी लावा. ती बाई आयुष्यभर तिथे राबली आहे, तुम्हीच तिच्या हातचं जेवला असाल. गुरुजींचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "जेवलोय ना, बाई. पण आवारात कुठेही नाव चालणार नाही, असंच लिहिलंय. त्या शेठने दगडावरचं पुसून विहिरीच्या काठावर कोरून घेतलं होतं, म्हणून ते वाक्य आलं." तो मेलेला शेठ माझ्या तावडीत सापडला असता तर!

सुयश म्हणाला, "इट्स ओके फॉर मी, पण सॅड आहे." आणि ठराव झाला.

काका निघाले तेव्हा मी त्यांना लिफ्टपाशी अडवलं. म्हटलं, आमचा पुण्याचा फ्लॅट रिकामा आहे. तिथे राहा. कुणी विचारणार नाही, कुणी काढणार नाही, हवं तितकं राहा.

"पुण्यात मी कुणाचा गं, सूनबाई?" ते म्हणाले. "तिथे तर ती कधी गेलीसुद्धा नव्हती." मग माझाच चेहरा बघून मला समजावू लागले. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. नाव काय, मला पाठ आहे."

 लिफ्टचं दार बंद झालं. घरात आले तर हेमचंद्र ठरावाचा मसुदा टाइप करत होता.  त्याने टाइप केलेली ओळ दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा तीच लिहिली.

नाव काढायच्या दिवशी काका आमच्याकडे आले. ते तिकडे पोचायच्या आत काम झालेलं असावं, अशी त्यांचीच इच्छा होती. तिथे उभं राहून बघायला नको म्हणाले. मग म्हणाले, पण बघायला तर हवं, कुणीतरी हवं ना तिच्या बाजूचं. म्हणून हा फोनचा मार्ग. मी फोन डायनिंग टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. पलीकडे सुदेश होता, बंदरातला पाथरवट. हाच दगड त्याच्या बापाने कोरला होता. हाताशी ग्राइंडर, तोंडाला फडकं. मागे दोन म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते.

पडद्यावर दगड दिसला. वर सुयशच्या वडिलांचं मोठं नाव, मग बाकीची, आणि खाली डाव्या बाजूला ती. अक्षरांतला काळा रंग थोडा उडाला होता.

"भिवादादा, करू ना सुरू?" सुदेशने विचारलं.

"थांब. आधी एकदा मोठ्याने वाच."

सुदेशने तोंडावरचं फडकं खाली केलं. "सगुणा भिवा मेस्त," त्याने वाचलं. मागचे दोन म्हातारे उठून उभे राहिले. त्यांनी तिला पाहिलेलंही नव्हतं.

"कर आता," काका म्हणाले.

ग्राइंडरचा आवाज आमच्या त्या थंडगार खोलीत भरून राहिला. ईश्वरी आतून धावत आली, "आई, व्हॉट आर दे ब्रेकिंग?" मी तिला जवळ घेतलं.  हेमचंद्र खिडकीशी तोंड फिरवून उभा होता. माझ्या मनात येत होतं, की तो फोन उचलावा, बंद कर म्हणून ओरडावं. पण बंद केलं तर हा माणूस पुढच्या आठवड्यात विमानातून उतरून जाणार कुठे? मी हाताची घडी घालून उभी राहिले. काका मात्र टेबलावर दोन्ही कोपर टेकून, पापणी न लवता बघत होते. पडद्यावर नुसती पांढरी धूळ उडत होती.

मग आवाज थांबला. सुदेशने ओल्या फडक्याने दगड पुसला, पॉलिशचा कागद फिरवला, पुन्हा पुसला. माणूस कामाचा पक्का. त्याने फोन अगदी दगडाजवळ नेला आणि हाताचा तळवा त्या जागेवरून फिरवून दाखवला.

"बघा भिवादादा," तो समाधानाने म्हणाला, "इथे काही होतं असं कळतसुद्धा नाही."

काकांनी चष्मा वर केला आणि पडद्याजवळ जाऊन नीट बघितलं.

"नाही कळत," ते म्हणाले. "चांगलं केलंस."